जन्मजात हृदयदोष : वाढले की दिसू लागले?

सोलापुरात बाळंतिणीला भेटायला आलेल्या एखाद्या आजीबाई सहज म्हणून जातात, "आमच्या वेळी कुठं लेकरांच्या काळजाला भोकं असायची?" आकडे पाहिले तर त्यांचे म्हणणे खरेच वाटेल. जगभरातील नोंदी एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार १९३०-३४ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे जन्मजात हृदयदोषाचे प्रमाण ०.६ होते; १९९५ नंतर ते ९.१ झाले.

मात्र मधल्या काळात सर्वाधिक बदलले ते तपासणीचे साधन. स्टेथोस्कोप आणि क्ष-किरणांच्या जमान्यात ओठ-नखे निळी पडलेले किंवा दूध ओढताना घामाघूम होणारे बाळच नोंदीत येई. १९५३ मध्ये स्वीडनमधील एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदय तपासण्याची, म्हणजे आजच्या 'इको'ची, सुरुवात केली आणि पुढे रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणाऱ्या 'डॉप्लर' तंत्रामुळे एक-दोन मिलिमीटरच्या छिद्रातून उसळणारी रक्ताची बारीक धारही पडद्यावर दिसू लागली. इस्रायलमध्ये सरसकट १,०५३ नवजातांची इको तपासणी केली, तेव्हा ५६ जणांच्या जवनिकांमधील (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील) पडद्याच्या स्नायुमय भागात छिद्र आढळले, म्हणजे हजारी ५३. आणि त्यांतली बहुतेक छिद्रे दहा महिन्यांत आपोआप बुजली. अशा छिद्राला 'दोष' म्हणायचे की नाही, यावरच प्रमाणाचा आकडा हलतो. १९७० ते २०१७ या काळातील वाढीपैकी सुमारे ९३ टक्के वाढ अशा सौम्य प्रकारांचीच होती.

सगळीच वाढ भासमान आहे, असे मात्र नाही. गरोदरपणाआधीपासून आईला असलेला मधुमेह हा धोका खरोखर वाढवतो, आणि आपल्याकडे अजूनही होणारी मामे-आत्तेभावंडांमधली लग्नेही.

गंभीर दोषांची गोष्ट निराळी. गर्भावस्थेत फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी 'डक्टस' ही रक्तवाहिनी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटते. काही दोषांत बाळाचे रक्ताभिसरण तिच्यावरच तगलेले असते, आणि ती मिटते नेमकी आई-बाळ अक्कलकोटला किंवा बार्शीला माहेरी पोहोचल्यावर. म्हणून चोवीस तासांनंतर, घरी सोडण्यापूर्वी, पल्स ऑक्सिमीटरची (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्राची) पट्टी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात. उजवाच हात, कारण त्याकडे जाणारे रक्त डक्टस महाधमनीला मिळते त्याच्या आधीच वळते. दोन आकड्यांत तीनपेक्षा अधिक फरक पडला, किंवा त्यांतला एखादा नव्वद ते चौऱ्याण्णवच्या दरम्यान राहिला, तर तासाभराने पुन्हा मोजतात. दुसऱ्यांदाही तसेच आले, किंवा एखादा आकडा नव्वदच्याही खाली असला, तर बाळाला घरी न सोडता त्याचा इको करतात.