दोन मुरुड : एक जंजिऱ्याचं, एक कर्व्यांचं

18 एप्रिल हा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्मदिवस. त्या निमित्ताने त्यांचं गाव पाहावं म्हणून मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘मुरुड’ टाकलं, तर पुष्कळदा रायगड जिल्ह्यातलं मुरुड-जंजिरा समोर येतं. कर्व्यांचं मुरुड ते नव्हे. ते रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात आहे. दोन्ही समुद्रकाठी, दोन्हीकडे नारळी-पोफळी, दोन्हीकडे जवळच पाण्यात उभा असलेला किल्ला. त्यामुळे फोटो पाहूनही घोटाळा मिटत नाही. दोन्ही गावांमध्ये रस्त्याने शंभराहून अधिक किलोमीटरचं अंतर आणि मध्ये मोठ्या खाड्या आहेत. चुकीच्या मुरुडला खोली घेतली तर सहलीचा एक दिवस जातोच.

रायगडमधलं मुरुड हे तालुक्याचं ठिकाण, नगरपरिषदेचं शहर आणि एकेकाळची राजधानी. इथे राज्य होतं सिद्दींचं, म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या हबशी सरदारांच्या घराण्याचं. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन होईपर्यंत नवाबांचा कारभार चालला. गावाबाहेर टेकडीवर दिसतो तो नवाबाचा राजवाडा. तो खासगी मालमत्ता आहे, बाहेरूनच पाहायचा. अलिबागकडे जाताना लागणारं फणसाड अभयारण्य ही नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. शेकरू पाहायचं असेल तर तिथे सकाळी लवकर जावं.

या मुरुडमध्येही एक घोटाळा होतो. मुरुडच्या पुळणीवर उभं राहिलं की समोर समुद्रात जो किल्ला दिसतो तो जंजिरा नाही, तो पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. जंजिरा दक्षिणेला, राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. त्यासाठी गावातून चार-पाच किलोमीटरवरच्या राजपुरीला जावं लागतं. वाटेतल्या चढावरून तो पहिल्यांदा खाली दिसतो. पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी मुद्दाम जंजिऱ्यावर दाब ठेवायला बांधला. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, असं त्यांच्या 1675 च्या पत्रात म्हटलं आहे. म्हणजे हे दोन किल्ले एकमेकांचे शत्रू. पुळणीवरून पद्मदुर्गाचा फोटो काढून त्याखाली ‘जंजिरा’ लिहिणं म्हणजे इतिहास नेमका उलटा करणं.

जंजिरा घेण्याच्या मराठ्यांच्या प्रयत्नांपैकी दोन लक्षात ठेवण्यासारखे आहेत. 1676 मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या मोहिमेत लाय पाटलांनी रात्री तटाला शिड्या लावल्या, पण मागून यायची कुमक वेळेत पोहोचली नाही. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भर टाकायला घेतली. मोगल फौज कल्याणकडे उतरल्यामुळे ते काम सोडून त्यांना परतावं लागलं. हे आधी माहीत असेल तर किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंतचं पाणी होडीतून नीट निरखता येतं आणि अडचण कुठे होती तेही कळतं.

राजपुरीहून किल्ल्यावर शिडाच्या होड्या जातात. होडीवाले किल्ल्यावर साधारण पाऊण तास देतात, म्हणून काय पाहायचं ते आधी ठरवलेलं बरं. दरवाजा किनाऱ्याच्या बाजूलाच आहे, पण दोन बुरुजांमध्ये असा दडलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. दारावर पंजांत हत्ती धरलेला शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक प्राणी, कोरला आहे. आत कलालबांगडी, चावरी आणि लांडा कासम या तीन मोठ्या तोफा, गोड्या पाण्याचे तलाव, सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले आणि मागच्या अंगाला दर्या दरवाजा. लोक तोफांपाशीच फोटो काढत राहतात आणि दर्या दरवाजा बघायचा राहून जातो. आधी थेट मागे जावं आणि तोफा परतताना पाहाव्यात. पावसाळ्यात होड्या पूर्ण बंद असतात. एरवीही वारा वाढला तर थांबवतात, म्हणून किल्ला दुपारवर न टाकता सकाळीच उरकावा. राजपुरीजवळच्या खोकरीला सिद्दींच्या घुमटाच्या दगडी कबरी आहेत. तिथे गर्दी नसते आणि कोरीवकाम निवांत पाहता येतं.

आता दापोलीचं मुरुड. इथे ना राजवाडा, ना बाजारपेठ. हे ग्रामपंचायतीचं खेडं आहे. सरळ पाखाड्या, म्हणजे फरसबंदी गल्ल्या, दोन्ही बाजूंना वाड्या, घरामागे पोफळी आणि त्यापलीकडे कर्द्यापर्यंत पसरलेला किनारा. ग्रामदेवता दुर्गादेवी. तिच्या देवळातल्या लाकडी खांबांवरचं कोरीवकाम सावकाश पाहण्यासारखं आहे. कर्व्यांचा जन्म 1858 चा, तोही इथला नाही, तर आजोळी खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. मात्र ते वाढले मुरुडात. म्हणून ‘जन्मगाव मुरुड’ असं लिहू नये, ‘गाव मुरुड’ लिहिलं की बरोबर.

या गावाचं आणि कर्व्यांचं नातं सरळ नव्हतं, आणि तेच जाणून घेण्यासारखं आहे. शाळकरी वयात ते भर पावसात इथून साताऱ्यापर्यंत परीक्षेला चालत गेले आणि वय कमी दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे गावाच्या सुधारणेसाठी त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला. 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यानंतर 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम, 1916 मध्ये महिला विद्यापीठ आणि वयाच्या शंभरीत, 1958 मध्ये, भारतरत्न. आज गावात त्यांचं स्मारक आहे. ते पाहताना बहिष्काराची ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. नुसता ‘थोर समाजसुधारक’ म्हणून हात जोडून पुढे जाण्यात फारसं काही हाती लागत नाही.

या मुरुडजवळचा सागरी किल्ला सुवर्णदुर्ग, पण तो हर्णै गावासमोर आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा तळ होता. 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने पेशव्यांशी झालेल्या करारानुसार तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. सुवर्णदुर्गासमोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे तीन छोटे किल्ले आहेत. पाण्यातला एक आणि जमिनीवरचे तीन अशी ही एकच संरक्षणाची मांडणी होती, म्हणून चारही एकत्र पाहावेत. कनकदुर्गावरून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. होडी मिळाली नाही तरी तिथून अंदाज येतो. हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात लिलाव पाहायला जाऊ नये. आसूदचं केशवराज मंदिर आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती इथून जवळ आहेत.

जायचं कसं, यातच चूक जास्त होते. एसटीचं तिकीट काढताना थांबे वाचावेत. अलिबाग, रेवदंडा दिसलं तर गाडी जंजिऱ्याच्या मुरुडला जाते. खेड, दापोली दिसलं तर कर्व्यांच्या. रेल्वेने जंजिऱ्यासाठी रोहा आणि दापोलीसाठी खेड गाठावं. मुंबईहून मांडव्याच्या लाँचचा उपयोग फक्त पहिल्या मुरुडसाठी. हॉटेलच्या पत्त्यात पिनकोड 402 ने सुरू होत असेल तर रायगड, 415 ने होत असेल तर दापोली. रिक्षावाल्याला विचारतानाही तालुक्याचं नाव आधी घ्यावं. लातूर जिल्ह्यातही एक मोठं मुरुड आहे, आणि कर्नाटकातलं मुर्डेश्वर कोकण रेल्वेवर आहे. तिकीट काढताना ही दोन्ही नावंही यादीत येऊ शकतात.

मुक्कामासाठी निवड करायची तर इतिहास आणि किल्ला हवा असणाऱ्याने रायगडचं मुरुड घ्यावं. तिथे एक मुक्काम पुरतो, काशीदचा किनारा जवळच आहे. दापोलीच्या मुरुडला दोन मुक्काम ठेवावेत, कारण पाहण्याची ठिकाणं आजूबाजूच्या गावांत विखुरली आहेत.

एकाच फेरीत दोन्ही करता येतात. जंजिरा सकाळी पाहून आगरदांड्याला यावं, गाडीसह जंगलने (गाड्या पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटीने) दिघीला उतरावं, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला. तिथून दुसऱ्या जंगलने वेसवीला, आणि पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै करत मुरुड. पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, कारण सुट्टीच्या दिवशी जंगलसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. बागमांडल्याला पोहोचेपर्यंत अंधार पडत असेल तर हरिहरेश्वरलाच मुक्काम करावा. शेवटची जंगल चुकली तर म्हसळ्यावरून मंडणगडचा लांबचा वळसा रात्री घ्यावा लागतो.