आक्रमक लहान मासे : मत्स्यालयातील सहवासी

गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील लहान (साधारण 3 ते 12 सेंमी.) पण भांडखोर माशांबरोबर कोणत्या जाती ठेवता येतात, हे ठरवण्याची पद्धत. फायटर, टायगर बार्ब, पी पफर, कन्व्हिक्ट सिक्लिड, अपिस्टोग्रामा वंशातील बुटके सिक्लिड आणि मलावी सरोवरातील म्बुना गट हे यातले नेहमीचे मासे. विक्रेत्यांच्या तक्त्यांत त्यांच्यापुढे नुसते ‘आक्रमक’ असे लिहिलेले असते, पण त्यावरून फारसे काही ठरवता येत नाही. कन्व्हिक्टची जोडी अंडी-पिल्लांभोवतीची जागा राखते. फायटर नराला आपल्यासारखाच दिसणारा मासा खपत नाही. बार्ब कळपातली उतरंड ठरवताना एकमेकांना टोचतात, आणि पफर तर शेजाऱ्याच्या परांचे लचकेच तोडतो. सहवासी निवडायचा तो भांडणाचे कारण पाहून.

कारणमीमांसा : हे कारण बाहेरचे की आतले, यावर मतभेद आहेत. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ नीको टिंबर्जेन आणि सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकात स्टिकलबॅक माशांवर केलेल्या प्रयोगांत, पोटाकडून तांबड्या रंगाच्या ओबडधोबड प्रतिकृतीवरही नर तुटून पडतात असे दाखवले. पुढच्या काळात हे प्रयोग पुन्हा केले गेले, तेव्हा निष्कर्ष सरसकट जुळले नाहीत. त्याच शास्त्रातील कोनराड लोरेंझ यांनी 1963 मध्ये वेगळी भूमिका मांडली : आक्रमकता आत साचत जाते व तिला बाहेर पडायला वाट हवी असते. शेजारी काढून टाकला की सिक्लिड नर स्वतःच्या मादीवर उलटतो, हे निरीक्षण त्यांनी पुराव्यादाखल दिले. निरीक्षण खरे आहे आणि मत्स्यपालकांच्या अनुभवाला येते, मात्र ‘साचण्या’ची उपपत्ती आज फारशी मानली जात नाही. समोर उरलेले एकमेव लक्ष्य मादीच असते व बंद टाकीत तिला पळायला जागा नसते, एवढे स्पष्टीकरण पुरेसे वाटते.

जॉर्ज बार्लो यांनी 1968 मध्ये मांडलेली ‘डिदर’ माशांची कल्पना मादीऐवजी मार खाणाऱ्या ‘लक्ष्य’ माशाच्या कल्पनेशी अनेकदा गल्लत करून सांगितली जाते. डिदर मासे मोकळ्या पाण्यात निर्धास्त फिरतात. त्यांच्याकडे पाहून बुजरे सिक्लिड लपणे सोडतात. मार खाण्यासाठी ठेवलेला ‘लक्ष्य’ मासा ही निराळी गोष्ट. चपळ डॅनिओंचा थवा दोन्ही कामे करतो, म्हणून घोटाळा होत असावा.

नामनिश्चिती : फायटरचा समावेश 1849 मध्ये थिओडोर कँटर यांनी पग्नॅक्स या जातीत केला होता. सयामचा (आजच्या थायलंडचा) मासा वेगळा असल्याचे दाखवून टेट रेगन यांनी 1910 मध्ये त्याला बेट्टा स्प्लेंडेन्स हे नाव दिले. तो केव्हा माणसाळला याबद्दल एकमत नाही. अलीकडील जनुकीय अभ्यास हा काळ किमान 1,000 वर्षे मागे नेतात. टायगर बार्बसाठी मॉरिस कॉटेलॅट यांनी 2013 मध्ये पंटिग्रस हा वंश निर्माण केला. मात्र बाजारातला मासा सुमात्राचा टेट्राझोना की बोर्निओचा अँकिस्पोरस, याविषयी शंका घेतली जाते. पालनाच्या दृष्टीने दोघांत फरक करण्याचे कारण नाही. पी पफरचे (नाव देणारे होरा व नायर, 1941) तसेच. त्याच्यासारखीच दिसणारी इमिटेटर ही जात 1999 मध्ये वेगळी ओळखली गेली.

निवड : फायटर नराला एकट्याला 20 लि. पाणी चालते, सोबत हवी असेल तर 60 लि. व 25–28° से. तापमान धरावे. तळाला 6 कोरिडोरास किंवा कुली लोच, मध्यावर 8–10 एंबर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा हे सहसा निभते. कोरिडोरासमध्ये स्टर्बाय ही जात घ्यावी, कारण पॅलिएटसला इतके ऊबदार पाणी मानवत नाही. दुसरा फायटर, गुरामी व लांब शेपटीचे नर गप्पी टाळावेत. मोठ्या झिंग्यांना फायटर बहुधा सोडतो, त्यांची पिल्ले मात्र खातो.

टायगर बार्ब तीन-चार घेणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर. एवढ्या कळपात सगळा मार सर्वांत दुबळ्यावर पडतो व तो मरेपर्यंत थांबत नाही. मग पाळी पुढच्याची. 100 लि. टाकीत 8–10 असले की भांडण आपसांत वाटले जाते. झेब्रा डॅनिओ त्यांच्या वेगाला पुरे पडतात. एंजल, गुरामी, फायटर असे संथ व लोंबत्या परांचे मासे मात्र आठवडाभरात झिजलेले दिसतात.

कन्व्हिक्टची जोडी अंडी घालेपर्यंत निरुपद्रवी वाटते. पिल्ले पोहू लागली की ती 80 सेंमी. लांबीची टाकी संपूर्ण ताब्यात घेते. 200 लि.च्या पुढे 8–10 जायंट डॅनिओ आणि एक ब्रिसलनोज प्लेको ठेवता येतो. कोरिडोरास नकोत : त्यांना हद्द कळत नाही, ते रात्री अंड्यांवर जातात आणि मार खातात. अपिस्टोग्रामाबाबतही हीच अडचण येते.

पी पफर स्वजातीयांसह ठेवणेच बरे : एका नराला दोन-तीन माद्या, दाट वनस्पती. पोटाखालची काळी रेघ आणि डोळ्यामागच्या सुरकुत्या यांवरून प्रौढ नर ओळखतात. ओटोसिंक्लस काहींकडे टिकतो. गोगलगाय सहवासी नव्हे, खाद्यच. म्बुनांसाठी उलट युक्ती वापरतात : दाटी वाढवून मार विभागणे. ती जोरकस गाळणी व नियमित पाणीबदल असेल तरच चालते.

सोडण्याचा क्रम : नवे मासे 3–4 आठवडे वेगळे ठेवून तपासावेत. शांत जाती आधी, भांडखोर शेवटी. उलट क्रम झालाच असेल तर दगड-लाकडाची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या हद्दी पुसतात. मग दिवा बंद करून मासे सोडावेत. मांडणी अशी हवी की टाकीच्या एका टोकाहून दुसरे टोक दिसू नये. शेजारी माशाच्या तोंडात मावत असेल तर बाकीचे निकष तपासण्यात अर्थ नाही.

हीटरमागे किंवा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात थांबलेला, पर मिटलेला, खाण्यावर न येणारा मासा मार खात आहे असे समजावे. त्याआधी अमोनिया व नायट्राइट शून्य असल्याची खात्री करावी, कारण विषारी पाण्यातही हीच लक्षणे दिसतात. उपाय म्हणून बहुतेक जण मार खाणाऱ्याला काढतात. जखमा खोल नसतील तर दांडगट मासाच 4–7 दिवस बाहेर ठेवावा. परत आल्यावर त्याला नवख्यासारखे वागावे लागते. जोडीतला नर मादीवर उलटला असेल तर मात्र जाळीची आडभिंत घालून दोघांना वेगळे करावे. फाटलेले पर स्वच्छ पाण्यात साधारण 2 ते 4 आठवड्यांत भरून येतात. पराला आधार देणाऱ्या, मुळाशी असलेल्या काड्याच कुरतडल्या गेल्या असतील तर ते पूर्ववत होत नाहीत.