पायावरचं केसतूड की गळू? निदान आणि कोड

डॉक्टरांच्या नोंदीत नुसतं 'बॉइल, राइट फूट' (उजव्या पावलावर फोड) असलं की पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णांचं मेडिकल कोडिंग, म्हणजे निदानांना आणि उपचारांना ठरावीक कोड देण्याचं काम, करणाऱ्यानं क्षणभर थांबावं.

केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी झालेला जंतुसंसर्ग, डॉक्टरी भाषेत फ्युरंकल. बहुतेक वेळा कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. लाल, टणक, ठणकणारी गाठ येते आणि पुढे तिला मधोमध पिवळं तोंड फुटतं. अशी शेजारशेजारची केसतुडं आतून जोडली जाऊन अनेक तोंडं पडली, की ते कार्बंकल. गळू म्हणजे ॲब्सेस, त्वचेत किंवा तिच्या खालच्या थरात पुवानं भरलेली पोकळी. त्याला केस लागत नाही. काटा रुतला, काच गेली तरी पुरे. पिकलेल्या केसतुडातही पूच असतो, म्हणून नुसत्या पुवावरून काही ठरत नाही.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण जागेची. तळव्याला केसच नसतात. पावलाच्या वर, बोटांच्या पाठीवर केसतूड होऊ शकतं. टाचेखाली पू दिसला तर गळू, चिघळलेलं कुरूप, आत राहिलेला काटा यांचा विचार आधी करायचा. मधुमेही माणसाच्या तळव्याबाबत तर फारच जपायला हवं. संवेदना कमी झाल्यानं दुखत नाही, आणि संसर्ग आत हाडापर्यंत पोचलेला असू शकतो. तिथे 'साधा फोड' म्हणून सोडून देणं धोक्याचं.

आता कोड. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या रोगांच्या वर्गीकरणात हात-पायांवरचं गळू, केसतूड, कार्बंकल सगळं एल०२.४ मध्येच बसतं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या त्याच्या अमेरिकी आवृत्तीत, आयसीडी-१०-सीएममध्ये, मात्र पावलाचं गळू उजवीकडे एल०२.६११, डावीकडे एल०२.६१२, केसतूड एल०२.६२१ आणि एल०२.६२२, कार्बंकल एल०२.६३१ आणि एल०२.६३२. सहावं अक्षर गाळलं तर कोड अपुरा ठरतो. जंतू कळला असेल तर त्याचा कोड सोबत जोडायचा, एमआरएसएसाठी (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) बी९५.६२. चीर देऊन पू काढण्याचा साधा सीपीटी कोड (अमेरिकेत उपचारप्रक्रियांना देतात तो), १००६०, गळवाला आणि केसतुडाला एकच आहे; त्यावरून निदान ओळखू पाहू नये.

'बॉइल' शब्द आयसीडी-१०-सीएमच्या अनुक्रमणिकेत फ्युरंकलकडेच नेतो. पण नोंदीत जागा तळव्याची असेल तर कोडरनं आपल्या मनानं गळवाचा कोड टाकायचा नाही. डॉक्टरांनी उजवी-डावी बाजू लिहिली नसेल तर ती नर्सच्या नोंदीतून घेता येते, पण रोगाचं निदान तिथून घेता येत नाही. ते डॉक्टरांनाच विचारायचं, तेही उत्तर सुचवल्याशिवाय: तपासणीत काय दिसलं ते मांडून, 'फ्युरंकल, ॲब्सेस, अन्य काही, की सांगता येत नाही?'