कोतवाल बुकातली तारीख आणि टीसीवरची तारीख

आमच्या बाबांची टीसीवरची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची, जन्मतारीख १ जुलै १९६५. काकांची १ जुलै १९६९. शेजारच्या घरातल्या दोघांचीही १ जुलैच, साल तेवढं वेगळं. विदर्भातल्या कोणत्याही खेड्यात पन्नाशी-साठीच्या माणसांना विचारा, एक जुलैवाले ढिगानं निघतील. म्हणून जातवैधतेसाठी तहसिलीतून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीची, नक्कल आणली आणि तिच्यावर दुसरीच तारीख दिसली, की घरात लगेच निकाल लागतो: ही खरी, ती गुरुजींनी टाकलेली. मीही तसंच म्हटलं होतं आणि माझं चुकलं होतं.

दोन्ही कागद जुने, दोन्ही सरकारी, दोन्हींत जन्मतारखेचा रकाना. गोंधळ तिथूनच सुरू होतो. पण लिहिणाऱ्याला दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी नोंदवायच्या होत्या, हे ध्यानात घेतलं तर बरेच वाद मिटतात.

टीसी तयार होते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून. तिथे पोरगं गुरुजींच्या समोर उभं असायचं. त्याचं नाव, बापाचं नाव, जात, गाव हे सगळं विचारून लिहिलेलं, म्हणून माणूस कोण याबद्दल शंका नाही. शंका तारखेची. डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरता आला की पोरगं शाळेच्या वयाचं झालं, हीच मोजणी. आई सांगायची, ‘पोळ्याच्या टायमाले झाला,’ आणि रकान्याला तर दिवस, महिना, साल सगळं हवं. शाळा उन्हाळा संपल्यावर उघडायची, दाखले तेव्हाच व्हायचे, मग एक जून किंवा एक जुलै टाकली की वय पूर्ण वर्षांत सरळ बसायचं. सालही हवं तसं मागंपुढं व्हायचं. थोरल्या बहिणीमागं शाळेत येऊन बसणाऱ्या लहानग्याचं वय वाढायचं, उशिरा आलेल्याचं कमी व्हायचं.

ही एक जुलै काहींना नोकरीच्या शेवटी महागात पडली, तेही सांगायला हवं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणजे एक जुलैवाला तीस जूनला घरी, आणि वार्षिक वेतनवाढीची तारीख एक जुलै. वर्षभर काम करूनही एका दिवसानं वाढ हुकायची. अशा निवृत्तांच्या बाजूनं सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये लागला. गुरुजींनी सोयीसाठी टाकलेला एक दिवस पेन्शनपर्यंत असा पुरला.

कोतवाल बुकाचं अगदी उलटं. गावात कोण जन्मलं, कोण गेलं, याची नोंद कोतवालाच्या वहीत व्हायची. नोंद घटनेनंतर थोड्याच दिवसांत होत असल्यामुळं साल सहसा पक्कं. पण बारशाच्या आधीच नोंद झालेली असेल तर नाव कुठून येणार? म्हणून रकान्यात बापाचं नाव, जात, गाव, आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. ही तारीख एका घराची आहे. त्या घरातल्या कोणत्या लेकराची, ते वही सांगत नाही. आणि तारखेतही एक मेख असते: कधी जन्माचा दिवस लिहिलेला असतो, तर कधी कोतवालाला कळलं तो दिवस.

आता आमच्या घरचं सांगतो. आमच्या गावच्या नकलेत आजोबांच्या नावापुढं नोंद होती: मुलगा, २ मार्च १९६४. आजोबांना मुलगे दोनच, बाबा आणि काका. काका उघडच धाकटे. तेव्हा १९६४ म्हणजे बाबाच, असं मी धरून चाललो. वंशावळीच्या कागदावर पेनानं तारीखही लिहून टाकली. बाबांनी पाहिलं, म्हणाले, ‘असंल.’

वर्षभरानं दुसऱ्याच एका नातेवाइकासाठी त्याच वहीची मृत्यूची पानं पाहत होतो. १९६५ च्या पानावर आजोबांचं नाव पुन्हा दिसलं. मुलगा, वय १ वर्ष, कारण ताप. एवढीच ओळ, फिक्या निळ्या शाईत.

घरी येऊन आजीला विचारलं. ती वांगी चिरत होती. हात थांबला, पण वर पाहिलं नाही. ‘तो तुह्या बापाच्या आंधीचा,’ म्हणाली. ‘तो गेला म्हणून मंग तुह्या बापाच्या वक्ताले माह्या मायनं मले तिकडं नेलं. धोंडा सरावनात आला होता. तुह्या आजाले धोंडे द्याले बोलावलं, अन् मी तिथंच रायली. तान्ह्या पोळ्याले झाला तुहा बाप.’

या एवढ्या बोलण्यात तीन पत्ते होते. पहिला, नोंद आमच्या गावात सापडणारच नव्हती, आजीच्या माहेरच्या वहीत पाहायला हवी होती. आपल्याकडं कितीतरी बाळंतपणं माहेरी होतात आणि आपण बापाच्या गावच्या वह्या उलटत बसतो. दुसरा, धोंडा म्हणजे अधिक महिना, आणि तोही अधिक श्रावण. तो दरवर्षी येत नाही. गेल्या शतकाच्या त्या भागात तो १९५८, १९६६ आणि १९७७ साली आला. बाबांच्या वयाला यातलं एकच साल बसतं. तिसरा, तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या अमावस्येचा दुसरा दिवस, पोरं लाकडी नंदी फिरवतात तो. १९६६ साली पोळा १४ सप्टेंबरला होता, तान्हा पोळा १५ ला, गुरुवारी.

आजीच्या माहेरच्या वहीत नोंद मिळाली. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव, गावाच्या रकान्यात आमचं गाव, मुलगा, तारीख १९ सप्टेंबर १९६६. तो सोमवार होता, आणि त्या गावचा बाजार सोमवारी भरतो. कोतवालाला बाजारात कळलं आणि त्यानं तोच दिवस लिहिला असावा. इथं मी वहीपेक्षा आजीला मानतो. चार दिवसांचा फरक वहीत पडू शकतो. सुइणीच्या हाताखाली पडल्या पडल्या बाहेर पोरं लाकडी नंदी घेऊन फिरत होती, हे बाईच्या स्मरणातून हलत नाही.

तिथीवरून तारीख काढताना एक सावधगिरी हवी. नागपूर, भंडारा, गोंदियाकडच्या ज्या घरांत हिंदी बोलतात, तिथं महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळं आपल्या श्रावण वद्यातला दिवस त्यांच्या हिशेबानं भादव्यात जातो. आजी मध्य प्रदेशातली असेल तर आधी हे विचारून घ्या. सणाचं नाव मिळालं तर उत्तम, कारण सण दोन्हींकडं एकाच दिवशी येतो. घटनाही कामाला येतात: १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा, १९७२ चा दुष्काळ, ३० जुलै १९९१ चा मोवाडचा पूर. ‘दीक्षेच्या वर्षी रांगत होतो’ असं कुणी सांगितलं तर साल जवळजवळ हातात आलंच.

वही कुठं मागायची, हाही प्रश्न असतोच. नकलेचा अर्ज तहसिलीच्या अभिलेख कक्षात द्यायचा, पण जिल्हे फुटलेत. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून. आजच्या तहसिलीत वही नाही म्हणाले तर जुन्या तालुक्याला विचारा. फार जुनी पानं मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर वाचणारा माणूस शोधावा लागतो.

मग कायद्याला कोणती तारीख चालते? जातवैधतेत तारखेचं काम एवढंच, की पुरावा ठरलेल्या दिवसाआधीचा आहे हे दिसावं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तिथं कोतवाल बुक भक्कम, कारण जात आणि घर त्यात स्पष्ट असतं. माणसाच्या वयासाठी मात्र नोकरी, पेन्शन, पॅन कार्ड असे सगळे कागद टीसीच्या मागं चालत आलेले असतात. ती तारीख सेवापुस्तकात बदलायची तर राज्य शासनाच्या नियमानं नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज हवा. साठीला आलेल्या माणसानं कोतवाल बुक घेऊन सगळे कागद बदलायच्या मागं लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेच्या रजिस्टरातली तारीखही आपोआप खरी ठरत नाही. ती कुणी सांगितली, त्या माणसाच्या साक्षीशिवाय नोंदीला वजन नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्येच म्हटलं आहे. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच पुरावा असल्यामुळं त्यांच्या नातवंडांना हा शोध करावा लागणार नाही.

आमच्या वंशावळीत बाबांपुढं आता दोन तारखा आहेत: १५ सप्टेंबर १९६६, आजीच्या सांगण्यावरून आणि तिच्या माहेरच्या वहीवरून, आणि कंसात १ जुलै १९६५, टीसीप्रमाणं. २ मार्च १९६४ खोडलेली नाही. ती बाबांच्या वर, वेगळ्या ओळीत गेली आहे, आणि तिच्यापुढं नाव लिहिलं आहे. बारसं झालं होतं त्याचं. नाव आजीनंच सांगितलं.