नेटवर्क कारभार आणि लोकशाही अधिमान्यता (गोवा)

विमानतळ, हायवे, प्रादेशिक आराखडा असलं मोठं काम हल्ली एकटं सरकार करत नाही, त्यात चार खाती असतात, कन्सल्टंट असतो, खाजगी कंपनी, प्राधिकरण, कधी एनजीओ पण, आणि या सगळ्यांनी मिळून ठरवायच्या पद्धतीला नेटवर्क कारभार म्हणतात. यातल्या बऱ्याच जणांना कोणी निवडून दिलेलं नसतं, मग त्यांचं ठरलेलं लोकांनी का मानायचं, हा अधिमान्यतेचा प्रश्न.

डेन्मार्कचे अभ्यासक एवा सोरेन्सन आणि याकोब टॉर्फिंग यांनी २००५ मध्ये यासाठी चार कसोट्या मांडल्या: निवडून आलेल्यांचा वचक आहे का, आत बसलेले प्रतिनिधी आपल्या सभासदांना बांधील आहेत का, त्या भागातल्या लोकांना जाब विचारता येतो का, आणि चर्चा लोकशाहीच्या रीतीने होते का. गोव्यात तिसऱ्या कसोटीवरच सगळं अडतं असं मला वाटतं.

उदाहरण रीजनल प्लॅनचं, म्हणजे गोव्यात कुठल्या जमिनीवर काय करता येईल हे ठरवणाऱ्या प्रादेशिक आराखड्याचं. २०११ पर्यंतचा प्लॅन २००६ मध्ये अधिसूचित झाला, लोक रस्त्यावर आले, गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. मग टास्क फोर्स नेमला, त्यात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते, आणि २०२१ पर्यंतच्या प्लॅनसाठी नकाशे गावागावात पोचले. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे, पंचायतीच्या हॉलात टेबलभर नकाशा पसरलेला, एक वयस्क शेतकरी बोटाने खाजनाचा बांध शोधतोय आणि जिथे मानस आहे तिथे कागदावर काहीच नाही. खाजन म्हणजे बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल शेतजमीन, आणि मानस म्हणजे बांधातलं दार, भरतीचं खारं पाणी अडवणारं. ही माहिती कुठल्याच कन्सल्टंटकडे नसते हो, ती त्या बोटात असते! पण २०१२ मध्ये हा प्लॅनही स्थगित झाला, पुढे २०१८ मध्ये परत लागू झाला, आणि गावाने हॉलात बसून सांगितलेल्याचं काय झालं हे नेमकं कोणाला विचारायचं ते कळेना.

स्मार्ट सिटी मिशनमध्ये (२०१५ ते २०२५) काम कंपनीकडे जायचं, त्यात राज्य आणि महापालिकेचा निम्मा-निम्मा वाटा असायचा. मत मात्र लोक नगरसेवकाला देतात, कंपनीच्या संचालकांना नाही.

खरं तर घटनेच्या २४३-झेडडी कलमात जिल्हा नियोजन समिती आहे, तिचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायत-पालिकांतल्या निवडून आलेल्यांमधून यायला हवेत. ग्रामसभाही आहेच, तिथे लोक तावातावाने बोलतात, ठराव मिनिट्स बुकात चढतो, पण प्रोजेक्टच्या फाईलपर्यंत तो पोचलाच पाहिजे असं बंधन क्वचितच असतं.

२०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आलं, प्लॅनमधली चूक दुरुस्त करायची म्हणून एकेका प्लॉटचा झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलायची सोय. अर्ज एकट्या मालकाचा, पण शेत बुजवलं की पावसाळ्यात पाणी शेजाऱ्याच्या दारात येतं, आणि तो शेजारी या अर्जात कुठेच नाही. मार्च २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले.