सुट्टीच्या दिवशी हृदयाचा ब्रेक लागतो का?

रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर धाकट्या भावाने मनगटावरचं स्मार्टवॉच माझ्यासमोर धरलं. "ताई, अकरा वाजेपर्यंत झोपलो, तरी घड्याळ म्हणतंय रिकव्हरी शंभरपैकी 39. बिघडलंय का गं?" तो रबाळे एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, पहाटे साडेचारला उठतो. जास्त झोपलो म्हणजे विश्रांती जास्त झाली, हा त्याचा हिशेब. बहुतेकांचा तोच असतो.

मी त्याला म्हटलं, नाडीवर बोट ठेव आणि सावकाश श्वास घे. श्वास आत घेताना ठोके किंचित घाईने पडतात, सोडताना रेंगाळतात. तुम्हीही आत्ता करून बघा. निरोगी हृदय घड्याळाच्या लंबकासारखं एकसारखं चालत नाही, आणि विश्रांती मोजण्याची किल्ली याच अनियमितपणात आहे.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. त्याला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला साधारण 100 ठोके देईल. शांत बसल्यावर ते 70 च्या आसपास येतात, कारण मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्याला ब्रेकसारखी सतत आवरून धरते. तिच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन झरतं, तेच ठोके मंदावतं. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये हे फार सुंदर दाखवलं: एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि दुसरंही मंदावलं! नस द्रव्यातून बोलते हे त्यातून कळलं. 1936 चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

ॲसिटिलकोलीनचा परिणाम एखाद्या ठोक्यात दिसतो आणि तितक्याच चटकन विरतो. ताण वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा परिणाम उमटायला मात्र काही सेकंद लागतात. म्हणून लागोपाठच्या दोन ठोक्यांमधली अंतरं भराभर कमीजास्त होत असतील, तर ते मुख्यतः व्हेगसचं काम. घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून ठोके टिपतं. लागोपाठच्या अंतरांमधले फरक घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा, सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ: हा झाला आरएमएसएसडी, मिलिसेकंदांत. रात्रभर तो नेहमीपेक्षा कमी राहिला, तर ब्रेक नीट लागलेला नाही. नेहमीपेक्षा म्हणजे स्वतःच्याच नेहमीपेक्षा. वय, ताप, दारू, सगळ्याने तो बदलतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. आणि शंभरपैकी जो एकच गुण पडद्यावर झळकतो, त्याचं सूत्र कंपन्या सहसा सांगत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे 'थकवा शोषून घेणाऱ्या' चुंबकीय गाद्या आणि ब्रेसलेटं. त्यांत विज्ञान काहीही नाही, पैसे घालवू नका.

आता अकरापर्यंतची झोप. एरवी तो रात्री दहा ते साडेचार झोपतो, झोपेचा मध्य सव्वा एक. शनिवारी दोनला झोपून अकराला उठला, मध्य साडेसहा. सव्वापाच तासांची सरक. शरीराच्या घड्याळाला हे जवळजवळ लंडनला जाऊन सोमवारी पहाटे ठाण्यात परतण्यासारखं. शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक टिल रोनेबर्ग यांनी याला सोशल जेटलॅग म्हटलं.

घड्याळाला एक गोष्ट मात्र मोजता येत नाही: मन कामावरून सुटलं का. त्यासाठी प्रश्नच विचारावे लागतात. मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी 2007 मध्ये 16 विधानांची प्रश्नावली केली. कामापासून मनाने दूर होणं, सैलावणं, काही नवं शिकणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं, अशा चार बाजू त्यात तपासतात. यातली पहिली मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कामाचं ओझं मनात चालू राहिलं, तर शरीरही सज्जच राहतं.

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. पण सुट्टी मिळाली म्हणजे मनही सुटलं, असं नाही. भावाला विचारलं, आज दिवसभरात पाळीचा ग्रुप किती वेळा उघडलास? त्याने फोन काढून दाखवला. सकाळपासून 43 मेसेज, सगळे वाचलेले.