पंख पारदर्शक दिसले म्हणून ती गांधीलमाशीच असते असं नाही

गांधीलमाशी सगळ्यांच्या ओळखीची आहे: काळे-पिवळे पट्टे, बारीक कंबर, मादीला नांगी. तिच्यावर शब्द खर्च करत नाही. घोळ होतो तो तिची नक्कल करणाऱ्या, सेसिइडी कुळातल्या क्लिअरविंग, म्हणजे पारदर्शक पंखांच्या, पतंगांचा. ते दिवसा उडतात, तेच पट्टे मिरवतात, पण डसत नाहीत. तरी दिसले की लोकांचा हात आधी चपलेकडे जातो.

पट्टे मोजत बसू नका. नक्कल नेमकी पट्ट्यांचीच केलेली आहे.

पाहायचे ते पंख. पतंगाच्या पंखांवर खवले असतात एवढं सर्वांना ठाऊक असतं, म्हणून आरपार दिसणारा पंख पाहिला की पतंगाची शक्यताच बाद करून टाकतात. पण क्लिअरविंगचे खवले गेलेले असतात ते मुख्यतः पंखाच्या मधल्या भागातून. कडेला तपकिरी किंवा काळ्या खवल्यांची किनार शिल्लक असते, शिरांवर तोच रंग, पुढच्या पंखावर बहुतेकदा एक गडद आडवा डाग, आणि बाहेरच्या कडेला बारीक केसाळ झालर. गांधीलमाशीच्या पंखाला झालर नसते. पातळ पडदा कडेपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. शिवाय बसल्यावर ती पुढचे पंख लांबीत दुमडते, त्यामुळे ते अरुंद पट्ट्यांसारखे दिसतात. पतंगाला अशी घडी घालता येत नाही. एवढ्या दोन गोष्टी नीट दिसल्या तर बाकी काही बघायची गरज मला तरी वाटत नाही.

कंबर? वरून पाहिल्यास पट्ट्यांमुळे पतंगालाही ती असल्याचा भास होतो. बाजूने पाहिलं की धड जाडजूड निघतं. मिशा गांधीलमाशीच्या कोपरासारख्या वाकलेल्या, क्लिअरविंगच्या टोकाकडे जाड होत गेलेल्या.

युरोपातला हॉर्नेट मॉथ, म्हणजे सेसिया एपिफॉर्मिस, या नकलेतला उस्ताद. त्याची अळी पॉप्लरच्या झाडाचं लाकूड पोखरते. बुंध्याशी गोल भोक आणि त्यातून अर्धं बाहेर आलेलं कोषाचं रिकामं टरफल दिसलं, तर आसपासची 'गांधीलमाशी' जरा निरखून पाहा.

आता नेहमीची दुसरी गल्लत. फुलासमोर हवेतच थांबून लांब सोंडेने मध पिणारा, हिरवट, धष्टपुष्ट, पारदर्शक पंखांचा जीव सेसिइडी नव्हे. तो बहुधा सेफोनोडिस हायलस, स्फिंजिडी या वेगळ्याच कुळातला पतंग. कोषातून निघताना त्याच्या पंखांवर करडे खवले असतात, पहिल्याच उड्डाणात झडतात. काळ्या पंखांवर पारदर्शक ठिपके असलेला संथ उडणारा अमाटा नावाचा पतंग तर तिसराच. त्यालाही क्लिअरविंग म्हणू नये.

फोटो काढणार असाल तर बाजूने, पंखाची कड स्वच्छ दिसेल असा काढा. वरून टिपलेल्या धूसर पिवळ्या ठिपक्यावरून जात विचारली तर मी उत्तर देत नाही.